अर्धा फिटलेला नवस

२ जून, रविवार

आला! यारीव आला!

दारात उभा. पाठीवर ते ओझं, दाढी वाढलेली, आणि बूट बाहेर जिन्यातच काढून ठेवलेले. बूट काढले त्याने! लहानपणापासून ओरडून ओरडून माझा घसा सुकला, कधी काढले नाहीत. मी म्हटलं आत घे रे, कोणी उचलून नेईल. तर म्हणतो, "नेऊ दे, आजी."

हात दोन, पाय दोन, डोळे दोन — सगळं चाचपून पाहिलं. आईबापाकडे जायच्या आधी माझ्याकडे आला. ओरलीला, म्हणजे माझ्या सुनेला, हे कळलं की आठवडाभर तोंड फुगवून बसेल. फुगवू दे! नातू माझा आहे.

बोय मासळीचं कालवण केलं, नारळाच्या दुधातलं, हिरवी मिरची घालून. दोन घास खाल्ले आणि बसल्या बसल्या झोपला. हातात चपाती तशीच. मी काढून घेतली नाही. समोर बसून बघत राहिले. या वयात मला आणखी काय पाहिजे?

३ जून

अजून झोपलेलाच. पंखा त्याच्याकडे वळवून ठेवलाय. मी घामाघूम, पण मजेत.

४ जून, मंगळवार

सकाळी कचरा टाकायला निघाले तर जिन्यात उम्म हिल्मी. समोरचं दार तिचं. तिची कॉफी उतू गेली की वास आधी मला येतो, इतकी आमची दारं समोरासमोर. तिने यारीवचे बूट पाहिले. लाल माती लागलेली होती त्यांना, ती पाहिली.

"आला?"

"आला."

"अल्हम्दुलिल्लाह," म्हणाली आणि पायरीवर बसली. मग मीही बसले. कचऱ्याची पिशवी दोघींच्या मधे. तिच्या बहिणीचं, इन्साफचं, मी विचारलं नाही. खबर असती तर ती कालच नाचत आली असती. इन्साफ गाझात, खान युनिसला आहे. म्हणजे होती. आता कुठल्या तंबूत आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक. फोन लावला की एक बाई रेकॉर्डमधून बोलते, तेवढंच.

यारीव कुठे होता ते मला त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ती माती मात्र पुसून टाकली, आजच.

इन्साफ आमच्या या लोद गावचीच मुलगी. तिकडे दिली तेव्हा रस्ता उघडा होता. आम्हीसुद्धा जायचो की! माझा नवरा, हाईम, जिवंत होता तेव्हा रविवारी-सोमवारी कधी सुट्टी मिळाली की बसने गाझाला — मासळी, वेताच्या खुर्च्या, पोरांना चपला. एकदा उम्म हिल्मीने बहिणीसाठी कापड दिलं म्हणून इन्साफच्या घरी गेलो. तिने मासा वाढला, वर लाल मिरचीचा ठेचा! मी नुकती नवगावहून आलेली, या देशातलं अळणी खाऊन खाऊन जीभ मेलेली. एक घास घेतला आणि रडायलाच लागले. ती घाबरली, म्हणाली पाणी आणू? मी म्हटलं, बाई, पाणी नको, आणखी ठेचा आण! अशी हसली ती. या देशात तिखट खाणारे दोनच — आम्ही कोकणातून आलेले बेने इस्रायल यहुदी आणि गाझावाले. बाकीचे नुसते तिखट बोलतात.

निघताना तिने ठेच्याची एक बरणी दिली. हाईमने बसमध्ये मांडीवर धरून आणली, तान्ह्या पोरासारखी.

कुठून कुठे गेले लिहिता लिहिता. असो. मराठी वाचणारं घरात कोणी उरलं नाही, त्यामुळे मला कोण अडवणार!

६ जून, गुरुवार

ओरली आली होती. पोराला मिठी मारून रडली, मग माझ्यावर रुसली, मग जेवली. जेवून झाल्यावर म्हणते, "मग आई, मलिदा कधी करायचा?"

मी भांडी घासायला उठले.

ती मोरोक्कोवाल्यांची मुलगी, पण आमच्या मलिद्यावर तिचा जीव. पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, ताटाभोवती बसून पुरुषांनी एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, घातलेली हाक — तिला सगळं पाठ. आणि मी नवस बोलले होते हे तिला ठाऊक. मीच सांगितलं होतं. यारीव धडधाकट आला की मलिदा करीन.

पण पुरतं सांगितलं नव्हतं.

झालं असं. ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारनंतरचे दिवस. भोंगा वाजला की सगळी इमारत जिन्यात येऊन बसायची, कारण आमच्या जुन्या इमारतीला दुसरा आडोसाच नाही. खालच्या मजल्यावरचे रशियन, वरचे आम्ही, समोरचे ते — सगळे पायऱ्यांवर, कोणी कोणाकडे बघत नाही. टीव्हीवर जे दाखवत होते ते बघून कोणी कोणाकडे बघायचं? ओरलीच्या मैत्रिणीचा मुलगा त्या शनिवारी गेला, बावीस वर्षांचा. यारीव त्याच दिवशी सैन्यात हजर व्हायला तिकडे निघाला. आणि दोन दिवसांनी इन्साफच्या गल्लीवर बॉम्ब पडल्याचं उम्म हिल्मीला कळलं.

तेव्हा जिन्यात मी डोळे मिटून पुटपुटत होते. उम्म हिल्मीने कोपराने ढोसलं.

"कोणाला बोलावतेस?"

"एलियाहू हन्नाबीला. नवस बोलतेय."

"म्हणजे आमचा खिद्रच तो. हिरव्या कपड्यातला. घोड्यावरून येतो तोच ना?"

"तोच." आमच्या अलिबागकडे खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा आहेत, आणि इकडे लोदच्या मशिदीत तो त्यांचा होऊन बसलाय. कुठे कुठे जातो बिचारा!

"मग त्याला दोन खेपा कशाला घालायला लावतेस," म्हणाली. "एकदाच काय ते दोघींचं सांग."

मी सांगितलं. मोठ्याने नाही, पण शब्द घालून सांगितलं: माझा यारीव आणि हिची इन्साफ, दोघं सुखरूप असल्याचं कळू दे, तेव्हाच तुझा मलिदा करीन. वर स्फोटाचा आवाज झाला, उम्म हिल्मीने माझा हात धरला, आणि नवस झाला.

आता एक आला. दुसरीची खबर नाही. अर्ध्या नवसाचा मलिदा कसा करायचा? अर्धं ताट?

९ जून, रविवार

रूबेनला सांगितलं. मुलगा माझा स्वभावाने गरीब, म्हणून आधी त्याला. तो डोक्याला हात लावून बसला.

"आई, हन्नाबी म्हणजे काय दवाखाना आहे? एका नंबरावर दोघींना आत सोडायला?"

"तिने म्हटलं आणि मी बोलले. झालं."

"ओरलीला सांगू नकोस."

म्हणजे स्वतःच आज संध्याकाळी सांगणार. त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून.

१० जून

सांगितलं!

ओरलीचा फोन. "तुम्ही माझ्या मुलाला त्यांच्याबरोबर एका दोरीत बांधलंत? ती बाई मेली असेल तर? मग माझा मुलगा कायमचा नवसात अडकलेला?"

मी म्हटलं, "ओरली, ती बाई नाही, इन्साफ आहे ती."

तिने फोन ठेवला.

तिच्यावर राग धरवत नाही. तिच्या आजीने तिच्या मनात बसवलंय — न फेडलेला नवस घरातलं माणूस घेतो. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. लिहिते आहे म्हणून लिहिते.

१३ जून

आमचा सण झाला. सणाला लिहीत नाहीत, म्हणून काल लिहिलं नाही. यारीव गच्चीवर एकटाच बसतो. मी वर गेले की सिगारेट विझवतो. मी म्हटलं, ओढ रे, तुझा आजोबा विडी ओढायचा. हसला! थोडंसंच, पण हसला. मी खाली येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्या आनंदात.

१६ जून, रविवार

आज त्यांची ईद. दर ईदेला उम्म हिल्मीच्या घरून खजुराच्या करंज्यांचा वास यायचा, तव्याएवढं ताट भरून माझ्याकडे यायचं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यातसुद्धा आलं होतं, जेव्हा आमच्या गल्लीत गाड्या जळत होत्या आणि दोन्हीकडची पोरं दगड मारत होती. तेव्हा एक रात्र ती माझ्या घरी झोपली आणि एक रात्र मी तिच्या. आधी कोणाचं दार फोडतील ते ठरत नव्हतं ना!

यंदा वास नाही. मीच गेले, पुरणपोळ्या घेऊन. तिने घेतल्या, झाकून ठेवल्या.

परत येताना जिन्यात यारीव वर येत होता. ती दारात. दोघं समोरासमोर आले. मी मधे, हातात रिकामं ताट.

या मुलाने लहानपणी तिचे गॅसचे सिलिंडर वर आणून दिलेत. तिने त्याला तिच्या हिल्मीबरोबर एका टबात आंघोळ घातलीये. हिल्मी आता जर्मनीत, दोन वर्षांतून एकदा येतो.

"सुखरूप आलास, बाळा," ती म्हणाली.

"हो, खाला."

"खान युनिसला होतास?"

तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खाला, तिथे कुठलं घर कोणतं ते कळत नाही आता."

तिने मान हलवली. आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

१७ जून

पूर्वी लोक भांडायचे — शांतता कधी, कशी, कोणाची जमीन कुठवर. हाईम आणि उम्म हिल्मीचा नवरा अबू हिल्मी गच्चीवर बसून नकाशे काढायचे, सिगारेटच्या पाकिटावर! हा डोंगर तुझा, ही विहीर माझी. मग पाकीट फाडून हसायचे. टीव्हीवर मोठ्या माणसांनी हात मिळवले त्या दिवशी मी आणि उम्म हिल्मीने मिळून एक थाळी गोड कुनाफा संपवला. हाईम म्हणाला, आता दर शुक्रवारी गाझाची मासळी. एकाही शुक्रवारी आली नाही.

आता कोणी शांतता हा शब्द काढला तर माणसं नुसती बघतात — म्हातारी बरी आहे ना, अशा नजरेने. मी काही शहाणी नाही, चौथी शिकलेली. पण दर वेळी ऐकते, एवढी एक लढाई संपू दे, मग बघू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रूबेन माझ्या कडेवर होता. आता त्याच्या पोराची दाढी पांढरी व्हायला लागलीये, सत्ताविसाव्या वर्षी. कंटाळले मी. रडू येत नाही, राग येत नाही. नुसता कंटाळा.

१९ जून

उम्म हिल्मी रामल्याला भावाकडे गेलीये, दोन-तीन दिवस राहील म्हणे. जाताना भेटली नाही. तिची मुलगी सामिया म्हणाली, अम्मीला बरं नाही, हवापालट.

रामल्यात कसली हवा? इथून दहा मिनिटं!

२३ जून, रविवार

यारीवला पुन्हा बोलावणं. पुढच्या रविवारी जायचं. तो म्हणाला तसं सहज, दूध संपलंय सांगावं तसं.

ओरलीने मग हट्टच धरला. तो जायच्या आत नवस फिटलाच पाहिजे. पण तिला माहीत, मी करणार नाही. म्हणून तिने दुसरी वाट काढली. आपल्यात नवसातून सोडवता येतं — तीन माणसांपुढे उभं राहून सांगायचं, मी बोलले त्याचा मला पश्चात्ताप होतो, आणि ते तिघं म्हणतात, सुटलीस. आमची प्रार्थना चालवणाऱ्या तळकर हज्जानांना गाठून तिने सगळं ठरवून टाकलं. आज दुपारी मला गाडीत घातलं. कोर्टात नेतात तशी!

प्रार्थनाघरात पंखा बंद. तिघं बसलेले — तळकर हज्जान, घरमालक दांडेकर आणि एक कोवळा पोरगा, तिसरा मिळेना म्हणून दुकानातून उठवून आणलेला, हाताला मसाल्याचा वास. तळकर भला माणूस. कोकणातलाच.

"सिगुलाबाई, विचारतो तेवढ्याला हो म्हणा. घरी जाऊन चहा पिऊ."

"विचारा."

"आधी जर कळलं असतं की असा पेच पडेल, तर बोलल्या असतात का हा नवस?"

मी विचार करत राहिले. ओरली माझ्याकडे बघतेय. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. एकुलता एक मुलगा तिचा.

"पश्चात्ताप होतो ना, बाई?" तळकरांनी हळूच विचारलं. "हो म्हणा."

हो म्हणायला तोंड उघडलं मी! खरंच उघडलं. पण काय पश्चात्ताप? यारीव जगावा म्हटलं त्याचा नाही. मग उरलं काय — इन्साफ जगावी म्हटलं, त्याचा? ठेचा वाढला होता तिने मला. बरणी दिली होती.

"नाही होत," म्हटलं. "मी काय करू, तळकर? नाही होत."

दांडेकर पुटपुटला, बायकांची हट्टी जात. तो मसालेवाला पोरगा मात्र खाली बघत बसला. तळकरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग आम्हाला सोडवता येत नाही."

जिन्यात ओरली ओरडली. आपल्याच जिन्यात, वर येताना, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. "तुमच्यासाठी माझ्या मुलापेक्षा ती मोठी! गाझातली एक म्हातारी!" वगैरे. पायऱ्या मोठ्या वाटल्या आज.

उम्म हिल्मी परत आलीये. तिच्या दाराखालून उजेड दिसत होता.

२४ जून

कोणाचा फोन नाही. यारीव म्हणाला, "आजी, मला काही फरक पडत नाही. कर नाही तर नको करूस." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याची आजी का तो माझा आजोबा!

२५ जून, मंगळवार

खबर आली!! इन्साफची खबर आली!

सकाळीच दार वाजलं. उम्म हिल्मी. काळा झगा, डोळे आत गेलेले, पण ताठ उभी. म्हणाली, "उम्म रूबेन, बोलणं झालं. काल. एकच मिनिट."

मी तिचे दोन्ही हात धरले. "कशी आहे? कुठे आहे?"

"समुद्राकडे, तंबूत. बरी आहे. बारीक झालीये."

"आणखी काय म्हणाली? सांग ना गं!"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "तुझी विचारपूस केली. ती तिखट खाणारी हिंदी बाई कशी आहे म्हणाली. आणि म्हणाली, इकडे सगळं सोसतं, पण तिखट मिळत नाही."

मी तिथेच, दारात, हसायला लागले! तीच ती! तंबूत बसून ठेचा आठवतोय तिला! हसता हसता रडले, आणि उम्म हिल्मीही रडली, खूप रडली. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "पोरगा रविवारी जातोय ना? मग तुझा मलिदा करून टाक. उशीर नको."

"तूही येशील?"

"येईन की. नवस माझाही आहे."

ओरलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, पोहे मी आणते." परवाचं कोणी काढलं नाही. मीही नाही. किती बरं वाटतंय! पाय हलके झालेत, गुडघासुद्धा कमी दुखतोय.

२७ जून, गुरुवार

मलिदा झाला. झाला एकदाचा!

पोहे भिजवले, दोन नारळ किसले. ओरलीने वेलची कुटली, तिने जास्तच घातली पण आज तिला काही बोलायचं नव्हतं. सफरचंद, केळी, खजूर, द्राक्षं आणि अंजीर. अंजीर उम्म हिल्मीच्या भावाच्या झाडाचं, सामियाने आणून दिलं. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, नऊ जमले. तर तो मसालेवाला पोरगा आपणहून आला, स्वच्छ सदरा घालून. तळकरांचा आवाज आता चिरतो, पण हन्नाबीला हाक मारताना सगळ्यांनी सूर धरला. गरमी इतकी की ताटाभोवती बसलेल्यांच्या टोप्या ओल्या.

मी मनात म्हटलं, बघ, पुरता फेडला हं मी. दोघांचा.

उम्म हिल्मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसली होती. भिंतीला टेकून. ओरलीने आधी पुरुषांना दिलं, मग तिला — सगळ्या बायकांत पहिलं तिला! मी बघितलं.

यारीव काही खाईना. ताट हातात घेऊन बसला नुसता. तेव्हा उम्म हिल्मी उठली. आपल्या ताटातला मलिदा मुठीत घेतला, त्याच्याजवळ गेली, आणि लहान असताना भरवायची तसा त्याच्या तोंडात घातला.

"खा. तुझ्या आजीने मागून घेतलंय तुला."

"खाला, तुमच्या बहिणीची —"

"खा म्हटलं ना."

त्याने खाल्लं. तिचा हात धरून खाल्लं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला बराच वेळ. तोंड धुतोय म्हणाला.

सगळे गेल्यावर ओरली जाताना उम्म हिल्मीच्या दाराशी थांबली. दार वाजवलं नाही. पण थांबली.

३० जून, रविवार

गेला. जिन्यात बसून बूट घातले. मी पुसून ठेवले होते.

यावेळी नवस बोलले नाही. हन्नाबीला तरी किती दमवायचं! नुसतं सांगितलं, लक्ष ठेव.

४ जुलै, गुरुवार

आज हात नुसते पेटलेत! लाल मिरच्या आणल्या रामल्याच्या बाजारातून, देठं काढली, लसूण सोलली, खलबत्त्यात ठेचल्या. मिक्सरला लावला तर ठेचा होत नाही, लगदा होतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खालची रशियन बाई वर येऊन विचारून गेली, काही जळतंय का? मी म्हटलं, जळत नाही गं, इन्साफचं जेवण चाललंय!

वर तेल घातलं बोटभर. टिकेल. सामिया औषधांच्या दुकानात काम करते, तिच्या ओळखीने तिकडे औषधं जातात असं ऐकलंय. एवढीशी बरणी. औषधच म्हणायचं! इन्साफने मला दिली होती, आता माझी तिला. किती वर्षांनी परतफेड!

उम्म हिल्मीला सांगितलं नाही. बरणी पोचली की तिला कळू दे. तिला हल्ली हसवावं लागतं. दहा दिवसांपूर्वी बहीण बोलली, तरी चेहरा उतरलेलाच. म्हटलं तिला परवा, बिरड्याच्या सणाचे वाल आणून ठेवलेत, येशील ना सोलायला? दर वर्षी येते. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलायचा — एका बाईच्याने होत नाही, दोघी लागतात. ती नेहमी म्हणते, तुमचा उपास म्हणजे आमच्या बोटांना शिक्षा. परवा मात्र नुसती मान हलवली.

रविवारी दुकानात जाईन.

७ जुलै, रविवार

सामियाने बरणी घेतली नाही. बरणीकडे बघून तिथेच काउंटरवर डोकं टेकलं तिने.

इन्साफ ईदेच्या दुसऱ्या दिवशीच गेली होती. रामल्याला जे तीन दिवस होते ते दुखवट्याचे होते. काळा झगा त्याचाच. फोन कोणाचा आला नव्हता. तिखट मिळत नाही, हे इन्साफ म्हणालीच नव्हती.

"अम्मी म्हणाली," सामिया म्हणाली, "एक तर गेली. दुसऱ्याला त्यात अडकवायचं नाही."

घरी आले. तिच्या दाराशी उभी राहिले. आत रेडिओ चालू होता.

सणाला अजून महिना आहे. वाल आजच भिजत घातलेत.